भंगारातल्या सन अल्ट्रा ५ वर नेटबीएसडी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्याचं ड्रॉइंग ऑफिस हलतं, किंवा कॉलेजची जुनी लॅब रिकामी होते, आणि सन अल्ट्रा ५ हे सन कंपनीचं जुनं वर्कस्टेशन किलोच्या भावाने बाहेर पडतं. बघणाऱ्याने एकदा बटण दाबून पाहिलेलं असतं. पडद्यावर ‘आयडीप्रॉम’ (मशीनची ओळख साठवणारी स्मृती) बिघडल्याचा निरोप, नेटवर्कचा पत्ता सगळा एफएफ-एफएफ, आणि मशीन डिस्ककडे न वळता नेटवर्कवर कुणाची तरी वाट बघत बसलेलं. निदान ठरलेलं: बोर्ड गेला. पण बोर्ड बहुतेकदा ठणठणीत असतो. संपलेली असते ती एका चिपच्या पोटातली बॅटरी. ती बदलली, सिरियल केबल जोडली आणि डिस्क नवी घातली की हे मशीन नेटबीएसडी, म्हणजे आजचं युनिक्स, चालवतं.

खाली दिलेल्या कमांडी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

मशीन ओळखा

अल्ट्रा ५ हे १९९८ चं. आत अल्ट्रास्पार्क-टू-आय प्रोसेसर, मॉडेलप्रमाणे २७० ते ४०० मेगाहर्ट्झ. आडवी पेटी म्हणजे अल्ट्रा ५, उभी पेटी म्हणजे अल्ट्रा १०. मदरबोर्ड जवळपास एकच, त्यामुळे पुढचं सगळं दोन्हींना लागू. जुन्या सनांपेक्षा हे सोयीचं, कारण डिस्क आयडीई आहे, स्कझी शोधत फिरावं लागत नाही, आणि बोर्डावरच्या ग्राफिक्सला साधा व्हीजीए मॉनिटर लागतो. कीबोर्ड मात्र सनचाच लागतो. त्याची गोल पिन पीसीच्या पीएस-टूसारखी वाटते, पण आठ काट्यांची आहे. दाबून बसवायला जाऊ नका, काटे वाकतात. कीबोर्ड नसला तरी अडत नाही, ते पुढे येईल. यूएसबी नाही, म्हणून पेनड्राइव्हवरून बूट हा विचार सोडून द्या.

रॅमला चार खाचा, आणि त्या जोडीजोडीनेच भरायच्या. १६८ पिनांची पट्टी दिसते पीसीच्या एसडीरॅमसारखी, पण जात वेगळी: ईडीओ, ईसीसी. पीसीची पट्टी चालत नाही. म्हणून भंगारातून मशीन उचलताना रॅम आत आहे ना हे आधी पाहा, कारण ती सुटी मिळवणं सगळ्यांत कठीण. १२८ एमबीच्या चार पट्ट्या, म्हणजे ५१२ एमबी, असतील तर उत्तम. १२८ एमबी एकूण असली तरी सिस्टीम चढते, फक्त काम संथ होतं.

कोल्हापुरात गुजरी म्हणजे सराफांची पेठ. इकडे कन्नडात गुजरी म्हणजे भंगाराचं दुकान. अशा दुकानात सनची पेटी दिसली तर झाकण उघडायला सांगा आणि तीन गोष्टी बघा: रॅम आहे, प्रोसेसरचं मॉड्यूल आहे, आणि २८ पायांची, इतर आयसींपेक्षा उंच, पाठीवर बारकोडची चिठ्ठी असलेली ती बॅटरीवाली चिप जागेवर आहे. डिस्क नसली तरी चालेल.

नेटबीएसडीच का

फ्रीबीएसडीने १३ व्या आवृत्तीपासून स्पार्क६४ (या मशीनच्या प्रोसेसरची जात) सोडलं. डेबियनमध्ये ते अधिकृत यादीबाहेर, स्वयंसेवकांच्या बळावर चालतं. ओपनबीएसडी या मशीनवर चांगलं चालतं. सुरक्षेच्या कामाला ठेवायचं असेल तर ते घ्या. आमचा कौल नेटबीएसडीला, आणि कारण अगदी व्यवहाराचं आहे: त्याचं संपूर्ण बांधकाम दुसऱ्या कुठल्याही लॅपटॉपवर एका स्क्रिप्टने होतं. ३३३ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर कर्नल बांधत दिवस घालवावा लागत नाही. १०.० ही आवृत्ती २०२४ मध्ये आली, म्हणजे मशीनच्या जन्मानंतर २६ वर्षांनी.

साफसफाई

इथल्या मशीनना दोन खास रोग. पहिला दमटपणा. खानापूर-जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. रॅमच्या आणि पीसीआय कार्डांच्या कडा काळवंडतात. पांढऱ्या खोडरबराने कडा हलक्या हाताने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. दुसरा रोग फौंड्री आणि मशीन शॉपमधून आलेल्या पेट्यांचा. आतली काळी भुकटी म्हणजे नुसती धूळ नव्हे. तिच्यात लोखंड आणि कोळशाचा अंश असतो आणि ती वीज वाहते. तशीच पेटी चालू केली तर पायांमध्ये शॉर्ट होऊ शकतो. बोर्ड बाहेर काढा, अंगणात ब्लोअर मारा, मग मऊ ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून आयसींच्या पायांमधून फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा गरगर फिरला की त्याची मोटर उलट वीज तयार करते.

पॉवर सप्लाय उघडून फुगलेले कपॅसिटर दिसतात का पाहा. वर्षानुवर्षं बंद असलेला सप्लाय पहिल्यांदा थेट प्लगला न लावता सिरीज लॅम्पवर लावावा: १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब एकसरीत. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका. ही तपासणी सप्लाय सुटा असतानाच. बोर्डासकट बल्बवर चालवू नका. आत ३०० व्होल्टच्या पुढे चार्ज साठलेला राहतो, त्यामुळे या कामाची सवय नसेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या.

अर्थिंग खरं असलेला तीन पिनांचा प्लगच वापरा. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थ नाही असं समजा. अशा पेटीला चालू असताना सिरियल केबल खोचली की लॅपटॉपकडचा यूएसबी-सिरियल ॲडॉप्टर जळू शकतो. केबल आधी, करंट नंतर.

सिरियल केबल

हीच या कामाची किल्ली. कीबोर्ड जोडलेला नसला की मशीन आपोआप सिरियल पोर्ट ‘ए’ वर बोलू लागतं. मागचं २५ भोकांचं कनेक्टर म्हणजे पोर्ट ए. लॅपटॉपकडे यूएसबी-सिरियल ॲडॉप्टर, त्याला ९ काट्यांचं टोक. मधली केबल स्वतः सोल्डर करा, तीन तारा पुरतात:

२५ कडची २ — ९ कडची २
२५ कडची ३ — ९ कडची ३
२५ कडची ७ — ९ कडची ५

आकडे सरळ दिसतात, तरी ही नल-मोडेम केबलच आहे. २५ च्या कनेक्टरात २ नंबरवरून डेटा बाहेर पडतो आणि ९ च्या कनेक्टरात २ नंबरवर आत येतो, म्हणून उलटापालट आपोआप होते. बाजारातली तयार ‘मोडेम केबल’ आणली तर २ आणि ३ आडव्या जोडलेल्या असतात आणि काहीच दिसत नाही.

लॅपटॉपवर मिनिकॉम किंवा पुटी उघडा: ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. फ्लो कंट्रोल दोन्ही प्रकारचे बंद. सनचा निरोप वाचता येतो, पण आपण टाइप केलेलं पोचत नाही, असं झालं तर हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू राहिलं आहे. मिनिकॉममध्ये ते मुळातच चालू असतं आणि आपल्या तीन तारांत त्याची तारच नाही.

करंट दिला की थोड्या वेळात ओळी येऊ लागतील. ‘ब्रेक’ पाठवा (मिनिकॉममध्ये कंट्रोल-ए, मग एफ) आणि ‘ओके’ अशी खूण दिसली की तुम्ही ओपनबूटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या बूट करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पोचलात.

एनव्हीरॅमची चिप

एनव्हीरॅम म्हणजे मशीन बंद असतानाही सेटिंग्ज जपणारी स्मृती. तिच्या चिपचा नंबर एम४८टी५९वाय. घड्याळ, ८ केबी स्मृती आणि लिथियमची बॅटरी सगळं एकाच डब्यात. बॅटरी संपली की मशीनचा नेटवर्कचा पत्ता, होस्ट आयडी आणि बूटच्या सेटिंग्ज सगळं पुसलं जातं. सोपा मार्ग: त्याच नंबरची नवी चिप. चिप सॉकेटात असते, सोल्डर केलेली नसते; दोन्ही टोकांकडून चपट्या पेचकसाने थोडं थोडं उचला. काढण्याआधी पहिल्या पायाकडची खाच कुठल्या बाजूला आहे त्याचा आणि बारकोडच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो घ्या. उलटी बसवलेली चिप पहिल्याच करंटला जाते.

नवी मिळाली नाही तर जुनीचं झाकण घासून आतल्या बॅटरीच्या दोन पट्ट्या उघड्या करायच्या आणि त्यांना सीआर२०३२ चा होल्डर जोडायचा. दोन गोष्टी चुकतात. एक, घासण्याआधी धन-ऋण कुठे हे मीटरने पक्कं केलेलं नसतं; संपलेल्या बॅटरीतही बऱ्याचदा थोडा व्होल्टेज उरतो, पट्टीला टोक लागताच आधी तो मोजा. दोन, जुनी बॅटरी सर्किटमधून तोडलेली नसते. मग नवा सेल जुन्या मेलेल्या सेलला पाजत बसतो आणि काही दिवसांत संपतो. पट्टी कापलीच पाहिजे.

आता पत्ता परत लिहायचा. ओपनबूट फोर्थ या भाषेत चालतं, आणि मराठी माणसाला ते पटकन कळतं: आधी काय, मग कुठे, शेवटी क्रियापद. (कन्नडातही हाच क्रम.) ‘१ ० एमकेपी’ म्हणजे ‘१ हा आकडा ० नंबरच्या घरात ठेव’. घरं सोळा, ० पासून एफ पर्यंत, आणि सगळे आकडे हेक्समध्ये. आधी ‘सेट-डिफॉल्ट्स’ द्या, मग:

१ ० एमकेपी
८० १ एमकेपी
८ २ एमकेपी
० ३ एमकेपी
२० ४ एमकेपी

पहिली ओळ मांडणीची खूण, दुसरी मशीनचा प्रकार, पुढच्या तीन म्हणजे सनच्या नेटवर्क पत्त्याची सुरुवात: ०८-००-२०. घर ५, ६, ७ मध्ये पत्त्याचे उरलेले तीन बाइट टाका, चिठ्ठीवर वाचता आले तर तेच. ८, ९, ए, बी या घरांत शून्य. सी, डी, ई मध्ये पुन्हा तेच तीन बाइट. हा होस्ट आयडी. शेवटच्या घरात आधीच्या पंधरा घरांची एक्सऑर बेरीज (पडताळणीचा आकडा):

० एफ ० डू आय आयडीप्रॉम@ एक्सऑर लूप एफ एमकेपी

ही ओळ सगळ्यांत शेवटी. मधलं एखादं घर दुरुस्त केलं तर ती परत द्यावी लागते, नाहीतर ‘अवैध’चा निरोप कायम राहतो. मग ‘बॅनर’ द्या. पत्ता आणि होस्ट आयडी नीट दिसले तर ‘रीसेट-ऑल’. एकाच स्विचवर दोन सन ठेवणार असाल तर दोघांना मनाचा एकच पत्ता देऊ नका, दोन्ही अधूनमधून गायब होत राहतील.

डिस्क

मूळ डिस्क सुरू होत असेल तरी भरवशाची नाही. तिच्यावर कुणाची ड्रॉइंगं, बिलं असतील तर ती चाळत बसू नका; शून्यांनी पुसून टाका. नवी जागा दोन प्रकारांनी करता येते: आयडीई ॲडॉप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, किंवा आयडीई ते साटा पुलावर एसएसडी. ओपनबूटला १२८ जिबीबाइटच्या पलीकडचं वाचता येत नाही, म्हणून १२० जीबीची एसएसडी बरोबर आत बसते. जंपर ‘मास्टर’वर. डिस्क पहिल्या केबलवर, सीडी ड्राइव्ह दुसऱ्यावर, तोही मास्टर. ‘प्रोब-आयडीई’ दिल्यावर दोन्हींची नावं दिसली पाहिजेत. काही कार्डं ओपनबूटला पटत नाहीत, म्हणून परत घेणाऱ्या दुकानदाराकडूनच कार्ड घ्या.

वेगाबद्दल एक सूचना. बोर्डावरच्या सीएमडी६४६ कंट्रोलरच्या जुन्या आवृत्त्यांत अल्ट्रा-डीएमए चालू केलं की डेटा बिघडतो. नेटबीएसडीचा ड्रायव्हर हे ओळखून ते स्वतःहून बंद ठेवतो आणि सेकंदाला सोळा-सतरा एमबीच्या कमाल दराच्या जुन्या डीएमएवर काम करतो. कर्नल बदलून ते चालू करायचा मोह टाळा. फाइली हळू उघडलेल्या चालतात, बिघडलेल्या चालत नाहीत.

चढवणं

स्पार्क६४ ची आयएसओ सीडीवर कमी वेगाने लिहा. मूळ ड्राइव्ह डीव्हीडी वाचत नाही आणि लेन्स धुळीने आंधळी झालेली असते. आधी कोरड्या कापसाने पुसा. मग:

बूट सीडीरॉम

सुरुवातीलाच टर्मिनलचा प्रकार विचारतो. सिरियलवर असाल तर व्हीटी१०० किंवा व्हीटी२२० द्या. आधीच भरलेला ‘सन’ तसाच ठेवला तर मेनूच्या रेघा विस्कटतात. डिस्कचं नाव डब्ल्यूडी०. एक मोठं रूट विभाजन आणि ५१२ एमबी ते १ जीबी स्वॅप एवढं पुरे. संचांमध्ये बेस, ईटीसी, जेनेरिक कर्नल, मॅन आणि कंपायलरचा कॉम्प घ्या. एक्स (खिडक्यांचा ग्राफिक पडदा) घेऊ नका. चालतं, पण या रॅममध्ये त्याचा उपयोग नाही. वेळेसाठी एशिया/कोलकाता.

आवृत्ती १० मध्ये एक नवा थांबा आहे. या मशीनमध्ये रँडम आकडे देणारं हार्डवेअर नाही, त्यामुळे इन्स्टॉलर तुमच्याकडूनच रँडम मजकूर मागतो. हा थांबा ओलांडून पुढे गेलात तर एसएसएचच्या चाव्या कच्च्या राहतात. लॅपटॉपवर डीडीने डेव्ह-युरँडममधून ३२ बाइट काढा, ओपनएसएसएलने बेस६४ करा आणि ती एक ओळ सिरियलच्या खिडकीत चिकटवा.

पूर्ण झालं की ओके खुणेवर ‘सेटएनव्ही बूट-डिव्हाइस डिस्क’ आणि ‘सेटएनव्ही ऑटो-बूट? ट्रू’. प्रश्नचिन्ह हा नावाचाच भाग आहे, सोडू नका. मग ‘बूट डिस्क’.

सीडी वाचलीच नाही तर नेटवर्कवरून बूट करा. लॅपटॉपवर चार सेवा लागतात: रार्पडी (सनला आयपी सांगते), टीएफटीपीडी (बूटलोडर पाठवते), बूटपॅरमडी (पुढच्या फाइली कुठे ते सांगते) आणि एनएफएस (त्या फाइली देते). सनचा पत्ता लॅपटॉपच्या ईथर्स फाइलमध्ये लिहा. बूटलोडर टीएफटीपीच्या फोल्डरमध्ये आयपीच्या हेक्स नावाने ठेवा: १९२.१६८.१.१० साठी सी०ए८०१०ए, अक्षरं कॅपिटल. मग ‘बूट नेट’. कुठे अडलं ते निरोपावरून कळतं. एआरपी-रार्पची वाट बघत थांबला तर रार्पडी किंवा ईथर्समधली चूक. त्यापुढे जाऊनही आकडे सरकायलाच लागले नाहीत तर फाइलचं नाव. आकडे सरकून झाल्यावर गप्प बसला तर बहुधा एनएफएस, कारण नव्या लिनक्सवर यूडीपीवरचं एनएफएस मुळात बंद असतं. रार्प वायफायच्या भरवशावर सोडू नका. सन आणि लॅपटॉप एकाच तारेच्या स्विचवर ठेवा.

चढल्यानंतर

आरसी.कॉन्फमध्ये एसएसएचडी, डीएचसीपीसीडी आणि एनटीपीडी यांना ‘येस’ द्या. नेटवर्क कार्डाचं नाव एचएमई०. तारीख चुकीची असेल तर पॅकेज उतरवताना सर्टिफिकेटच्या तक्रारी येतात. आधी घड्याळ, मग पॅकेज. पहिल्या बूटला एसएसएचच्या चाव्या बनायला बराच वेळ लागतो. मशीन अडकलं नाही, थांबा.

लाइट जाणं धरून चाला. एफस्टॅबमध्ये रूटच्या पर्यायांत ‘आरडब्ल्यू’च्या पुढे स्वल्पविराम देऊन ‘लॉग’ लिहा. याने फाइल सिस्टीमला नोंदवही मिळते आणि मशीन धाडकन बंद पडलं तरी पुढच्या वेळी लांबलचक तपासणी होत नाही. छोटा यूपीएस असेल तर तोही लावा. नोंदवही फाइल सिस्टीम वाचवते, तुम्ही न साठवलेला मजकूर नाही.

सिरियलचा आणखी एक त्रास: लॅपटॉप बंद केला किंवा ॲडॉप्टर उपटला की सनला तो ‘ब्रेक’ वाटतो आणि चालतं मशीन गोठतं. परत जोडून बघा. ओके खूण असेल तर ‘गो’, डीडीबी (कर्नलचा डीबगर) असेल तर ‘कंटिन्यू’. कायमचा उपाय म्हणून सिसकंट्रोलमध्ये डीडीबी.फ्रॉमकन्सोल शून्य करा.

कर्नलमध्ये बदल हवा असेल तर लॅपटॉपवर नेटबीएसडीचा सोर्स उतरवून त्यातल्या बिल्ड.एसएच ला ‘-यू -एम स्पार्क६४ टूल्स’ असा हुकूम द्या (यू कॅपिटल), मग टूल्सच्या जागी ‘कर्नल=जेनेरिक’. तयार कर्नल एससीपीने पाठवा. जुना कर्नल दुसऱ्या नावाने जपून ठेवा. नवा चढला नाही तर ‘बूट डिस्क’च्या पुढे जुन्याचं नाव दिलं की काम भागतं.

मराठी-कन्नड मजकुरासाठी मशीनचा स्वतःचा पडदा उपयोगाचा नाही, त्यावर देवनागरी उमटत नाही. एसएसएचने आत या आणि एलसी-सीटाइप यूटीएफ-८ वर ठेवा. अक्षरं दाखवण्याचं काम लॅपटॉपचं. फाइलींची नावंसुद्धा मराठीत देता येतात, कारण फाइल सिस्टीमच्या लेखी ते नुसते बाइट. यूटीएफ-८ मध्ये बाइटांचा क्रम ठरलेला असल्यामुळे इकडची फाइल तिकडे जशीच्या तशी उघडते.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना या पेटीचा खरा उपयोग इथेच आहे. स्पार्क मोठा बाइट आधी ठेवतो, आपले लॅपटॉप उलट. आणि चुकीच्या सीमेवरून चार बाइटांचा आकडा वाचला तर लॅपटॉप मुकाट्याने चालवून घेतो, स्पार्क तिथल्या तिथे बस एररने प्रोग्रॅम पाडतो. सी शिकणाऱ्या मुलाला पॉइंटर कास्ट करून पॅकेट वाचण्यातली चूक फळ्यावर समजावण्यापेक्षा त्याचाच प्रोग्रॅम इथे चालवायला द्या.

मृग लागायच्या आधी ‘हॉल्ट’ देऊन ‘पॉवर-ऑफ’ करा, कार्ड काढा, लॅपटॉपवर डीडीने त्याची पूर्ण प्रत घ्या. पावसाळ्यात पेटी झाकून कोपऱ्यात न ठेवता आठवड्यातून एकदा तासभर चालवा, म्हणजे आतली ओल उबेने निघून जाते.